होकाराआधीचं केळवण

लग्नं नोंदवतात त्या खिडकीवरच्या बाबूनं माझं रेशनकार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मला परराज्यातला ठरवलं.

"आप तो मध्यप्रदेश के हैं," तो म्हणाला.

माझा जन्म शंकर नगरातला. त्याच गल्लीत माझे दुधाचे दात पडले, त्याच गल्लीत मला मिशा आल्या. मी कुठंही गेलो नव्हतो. मी जागेवर बसलेला असताना कोणीतरी खालची सतरंजी काढून दुसरी अंथरली होती, एवढंच. मध्यप्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर त्याची राजधानी झालं, बंगल्यांवर मंत्र्यांच्या पाट्या लागल्या, आमच्या गल्लीतली भाडी वाढली. रेशनकार्डं तेवढी जुनी राहिली. हे सगळं मी बाबूला समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, गवाह छत्तीसगडचाच लागेल.

"भैया, आपका कार्ड कहाँ का है?" ऋतानं विचारलं.

"मेरा भी एमपी का है. पर मैं गवाह थोड़े ही हूँ."

मी स्वतः एका नव्या संचालनालयात कंत्राटावर कारकून आहे. आमच्याकडे कोणी काही विचारलं की आम्ही "फाइल भोपाळहून येऊन राहिली" असं सांगतो. पण या बाबूसारखं गोल, टोक नसलेलं उत्तर मला अजून एकदाही सुचलेलं नाही. मला अपमानापेक्षा असूयाच जास्त वाटली.

(ऋता, हे वाचून: खोटं. तू बाहेर येऊन लाथेनं स्कूटरचा आरसा तोडला.)

आरसा आधीच तुटलेला होता.

बाहेर आलो तेव्हा आम्ही चौघं होतो. मी आणि ऋता साक्षीदार. आणि ज्यांच्या लग्नाचे आम्ही साक्षीदार होणार होतो, ते नीलेश आणि कौमुदी. कौमुदी रडेल असं मला वाटलं होतं. तिनं उसाचा रस मागवला आणि एका दमात प्यायली.

"दिवाळीनंतरच्या रविवारी नागपूरचे लोक येणार," ती म्हणाली. "नानांनी त्यांना जवळजवळ शब्दच दिला आहे. मला फक्त पोहे किती भिजवायचे तेवढं कळवलं."


नाना

नाना म्हणजे कौमुदीचे वडील. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायला विसरले. नीलेशचे वडील मारोतीराव रेल्वेत गार्ड. ते वर्धेहून बदलीवर आले आणि परतीची बदली मागायला विसरले. माझ्या मते दोघांच्या विसरण्यात फारसा फरक नाही. नानांच्या मते त्यात अडीचशे वर्षांचा फरक आहे. ते आम्हा सगळ्यांना 'बाहेरचे मराठी' म्हणतात. गंमत अशी की नानांची मराठी ऐकून मारोतीराव त्यांना आदरानं हिंदीत उत्तर देतात.

शिवाय नीलेश पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे कामाला. दिवसभर तागे, म्हणजे त्याच्या भाषेत थानं, उलगडायची, संध्याकाळी गुंडाळायची. "माणूस आयुष्यात कुठंतरी पोचला पाहिजे," नाना त्याच्याविषयी म्हणाले होते. नीलेश ऑर्डरी घ्यायला महिन्यातून दोनदा जगदलपूरला पोचत होता, पण ते नानांना धरायचं नव्हतं.

पळून जा, असं आम्ही सुचवून पाहिलं होतं.

"काहून पळू?" कौमुदी भडकली होती. "मी चोरी केली का? माझं घर इथं, माझी नोकरी इथं, हा पोट्टा इथं. ज्याला त्रास होतो त्यानं पळावं."


युक्ती

युक्ती ऋताची. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, आमच्यातली एकटीच पर्मनंट, त्यामुळं तिच्या बोलण्याला वजन असतं. शंकर नगरच्या टपरीवर चहा येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या लोकांत होकार झाला की केळवण होतं. बरोबर? आता मला सांगा, केळवण झाल्यावर लग्न मोडलेलं कोणी ऐकलं आहे?"

कोणी ऐकलं नव्हतं. साखरपुडे मोडतात. पत्रिका छापून मोडलेलीही लग्नं आहेत. पण केळवण म्हणजे शेजारणीनं पुरण वाटलेलं असतं, साडी दिलेली असते. शेजारीण तिचं पुरण वाया जाऊ देत नाही.

"मग आधी केळवण करू," ऋता म्हणाली.

नीलेशला जरा वेळ लागला. "म्हणजे आधी जेवाचं, मंग विचाराचं?"

"विचाराचं काहून? कौमुदीनं तुले विचारलं, तू हव म्हटलं. झालं की," ऋता म्हणाली.

"मी लगेच नव्हतं म्हटलं," नीलेश म्हणाला.

"दोन दिवस घेतले यानं," कौमुदी म्हणाली. "मी ते विसरलेले नाही."

पहिलं केळवण माझ्या घरी ठरलं, कारण बाकी कोणाच्या आईला सांगायची कोणाची हिंमत नव्हती. माझीही नव्हती, पण तसं म्हणायच्या आत चहा संपला.


आई

"नीलेश-कौमुदीचं ठरलं," मी आईला म्हणालो.

"कोणी ठरवलं?"

"त्यांनीच."

"नानाले माहीत आहे?"

मी खांबाकडे पाहिलं. खांबाला काही माहीत नव्हतं.

आईनं हातातली सांडशी खाली ठेवली. मला वाटलं, आता भाषण. पण आमच्या आईच्या मनात वेगळंच काही शिजत होतं. मंडळाच्या गणपतीत एकदा तिनं वडाभात केला होता आणि नाना पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "चांगला आहे, गोंदियाकडच्या मानानं." आईचं माहेर गोंदियाचं. त्यानंतर ती मंडळात काही घेऊन गेली नव्हती.

"शुक्रवारी बोलाव दोघांले," ती म्हणाली. "वडाभातच करते."


आता कोणीही विचारेल की एवढ्या मराठी गल्लीत केळवणं होत राहिली आणि मुलीच्या बापाला कळलं नाही, हे कसं? सोपं आहे. नानांना सांगणार कोण? गणपतीच्या कार्यकारिणीत अध्यक्षपद गेलं तेव्हापासून नानांचा सगळ्या मंडळाशी अबोला. ज्यांच्याशी अबोला नव्हता त्यांच्याशी कोर्टात दावा होता. बोलायला एकटे बाबाराव उरले होते, तेही रोज संध्याकाळी बुद्धिबळाला येत आणि पटावर बसलं की तोंड उघडत नसत. म्हणून तर टिकले होते.

आणि वधूपित्याला "काय हो, पत्रिका कधी?" असं विचारणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण मागणं. मराठी माणूस उपाशी मरेल, पण आमंत्रण मागणार नाही.


सल्ले

आईचा वडाभात झाला आणि शनिवारी सकाळी समोरच्या काकूंनी मला दुधाच्या रांगेत धरलं. तुमच्याकडे झालं, मग आमच्याकडे का नाही? आम्ही काय परके? मी म्हणालो, तसं नाही. त्या म्हणाल्या, मग मंगळवारी. मंगळवारच्या पंगतीत तिसरीनं गुरुवार धरला. गुरुवारी दोघींची शनिवारवरून बाचाबाची झाली आणि शेवटी एकीनं सकाळ घेतली, एकीनं संध्याकाळ. शेजारच्या साहू दीदींनी गेटवरूनच हाक मारली, "हमू मन खवाबो नोनी ला!" म्हणजे पोरीला आम्हीही खाऊ घालू. आणि फरा, चीला, ठेठरी असं सगळं एकदम पुढ्यात आलं. केळवण हा प्रकार काय असतो हे त्यांना माहीत नव्हतं. पण गल्लीत सगळे खाऊ घालत आहेत आणि आपण नाही, हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं.

जेवता जेवता सगळे सल्ले देत. नीलेशनं मिशी ठेवावी. नीलेशनं मिशी काढावी. कौमुदीनं नोकरी सोडू नये, पण बदली घ्यावी. घर भाड्यानं घ्यावं तर आताच, कारण भोपाळहून अजून साहेब येणार आहेत. पहिलं मूल लवकर व्हावं. पहिल्या मुलाची घाई करू नये. हे शेवटचे दोन सल्ले एकाच नवराबायकोनं एकाच वेळी दिले आणि मग ते घरी जाईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

मला सगळीकडे बोलावणं असे, कारण मुलाला एकटं जेवायला बसवत नाहीत. माझी ओळख करून देत ती अशी: "हा मुलाचा मित्र, निरंजन. याचं अजून काही नाही." काही म्हणजे लग्न, नोकरी, घर की डोक्यावरचे केस, हे कोणी स्पष्ट करत नसे. समोर बसलेली ऋता अशा वेळी वरणात बघून हसत असे. ती कौमुदीची पाठराखीण म्हणून यायची.

एका काकूंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं सगळीकडे बरोबरच असता. मग तुमचंही करून टाकू का, एका खर्चात?"

"काकू," ऋता म्हणाली, "आमचं काय आहे ते आम्हालाच अजून नीट माहीत नाही. तुम्ही घाई केली तर मी तुमच्या कढीत मीठ टाकीन."

काकू हसल्या. मी हसलो नाही. मला 'आमचं काय आहे ते' या शब्दांवर थोडा वेळ हवा होता.

(ऋता: हे कशाला?

मी: राहू दे.

ऋता: बरं.)


आहेर

केळवणाला आहेर लागतो. गल्लीतले सगळे भांडी घ्यायला गोल बाजारातल्या एकाच दुकानात जातात, आणि त्या दुकानदारानं त्या दिवाळीला स्टीलचे कॅसरोल एकदम भरले होते. त्यामुळं नीलेश-कौमुदीच्या भावी संसारात चमचा नव्हता, तवा नव्हता, पोळीला पीठ नव्हतं. पण पोळ्या गरम राहायची व्यवस्था अख्ख्या वऱ्हाडाची होती. ते सगळे माझ्या खोलीत ठेवले. नीलेशच्या घरी जागा नव्हती आणि कौमुदीच्या घरी नाना होते.

शर्टपीस पंडरीतून येत. पहिलं उघडलं तेव्हा नीलेशनं ते बोटात धरून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे मीच विकलं," तो मला हळूच म्हणाला. "पडून राहिलेलं थान होतं. शेठ म्हणाला, कोणालेही लाव."

त्यानं ते खरोखरच कोणालाही लावलं होतं. यानंतर प्रत्येक घरात पाटावर बसलं की पुढ्यात तोच खाकी-हिरवट चौकडा येत गेला. एकदा मलाही दिला. यजमानीण म्हणाली, मुलाच्या मित्राचाही मान असतो. इतक्या दिवसांत माझा मान पहिल्यांदा झाला आणि तो असा झाला.


इथं माझ्या पोटाविषयी एक परिच्छेद होता. ऋता म्हणाली, गोष्ट पोटाची नाही. गोष्ट पोटाचीच आहे, पण परिच्छेद काढला आहे.


मध्येच एका पंगतीला कौमुदीची आई आली. सरोजिनीकाकू. दार ढकलून आत आल्या आणि आम्हा चौघांचे घास वाटेतच थांबले. त्यांच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. त्यांनी ती यजमानणीच्या हातात दिली, पदर खोचला आणि वाढायला लागल्या.

"आई, तू?" कौमुदी म्हणाली.

"मी भजनाला आले आहे," सरोजिनीकाकू म्हणाल्या. "घरी तसं सांगितलं आहे." मग त्या नीलेशपाशी वाकल्या आणि त्याला पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "अशक्त दिसतोस. जगदलपूरला जेवण मिळत नाही का?"

नीलेशनं ती पोळी संपवली आणि आणखी एक घेतली. त्या दिवसापासून गल्लीनं लग्न पक्कं धरलं आणि सरोजिनीकाकूंचं भजन वाढलं.


बुद्धिबळ

बाबारावांना मंडळाच्या भानगडी माहीत नसत. केळवण त्यांच्या बायकोला, लताकाकूंना करायचं होतं, आणि मुलीच्या आईवडिलांनाही बोलवायचं असतं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. सगळ्या गल्लीत हे रीतीप्रमाणे करणारं हे पहिलंच घर. घात रीतीनंच झाला.

पुढचं बाबारावांनीच आम्हाला नंतर सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी पट मांडला होता. नानांचा वजीर हातात होता.

"उद्या दुपारी जेवाले ये," बाबाराव म्हणाले. पटावर ते पहिल्यांदाच बोलले म्हणून नानांनी वर पाहिलं. "केळवण आहे."

"कोणाचं?"

"तुझ्या पोरीचं. चाल तुझी आहे."

नानांनी वजीर प्याद्याच्या तोंडी दिला. मग उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. घरी ते एक शब्द बोलले नाहीत. जे बोलायचं ते त्यांनी पंगतीसाठी राखून ठेवलं होतं. परवा, रविवारी, नागपूरची गाडी येणार होती.


पंगत

लताकाकूंनी रांगोळी घातली होती. नीलेश-कौमुदी पाटावर, शेजारी मी, ऋता, माझी आई, सरोजिनीकाकू आज पुन्हा भजनाला. पाटोडीचा रस्सा होता, श्रीखंड होतं, मठ्ठा होता. पहिला वरणभात झाला आणि बायकांनी कौमुदीला नाव घ्यायचा आग्रह सुरू केला. तिनं श्रीखंडाचा घास उचलला आणि यमक शोधत वर पाहिलं.

दारात नाना उभे होते. कोट, टोपी, हातात छत्री. ऊन होतं.

वाढपी थांबले. माझ्या आईनं मात्र न थांबता भात कालवला.

नाना रागावले की हिंदीवर येतात. "कौमुदी," ते म्हणाले, "उठो."

कौमुदी उठली नाही. तिच्या बोटांतून श्रीखंड ओघळत होतं. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल, आणि मी खाली बघायची तयारी केली. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. घास नीलेशच्या तोंडाशी नेला.

"यमक सुचत नाही," ती म्हणाली. "नाना, मी नीलेशशी लग्न करून राहिले. घ्या, घेतलं नाव."

नीलेशनं तोंड उघडलं. घास आत गेला.

"उठो कहा ना!"

"जेवण झाल्यावर." आणि लताकाकूंकडे वळून, "काकू, मसालेभात वाढा."

ती जेवायला लागली. भूक तिला नव्हती. इतक्या पंगतींनंतर आम्हा कोणालाच भुकेची आठवण राहिली नव्हती. पण ती एकेक शीत वेचून, चावून जेवत राहिली. पुन्हा भात मागितला. पुन्हा रस्सा मागितला. नाना दारात, छत्री हातात. फक्त तिच्या बांगडीचा ताटाला आवाज.

लताकाकूंना दुसरं काही कळत असो वा नसो, जेवणाच्या वेळी दारात माणूस उपाशी उभा आहे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी कोणालाही न विचारता एक पाट मांडला, ताट ठेवलं आणि वाढलं. मीठ, लिंबू, लोणचं, भात, वरण, वर तूप. उजवीकडे मठ्ठ्याची वाटी. आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. निवून जाईल."

नानांनी ताटाकडे पाहिलं. बसले तर मुलीचं केळवण जेवले. गेले तर वाढलेलं ताट लाथाडून गेले, तेही लोणच्यासकट, आणि लोणचं आपल्याच घरचं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी सरोजिनीकाकूंकडे पाहिलं. सरोजिनीकाकू भजनातल्यासारख्या डोळे मिटून होत्या.

बाहेर एक रिक्षा गेली. अजून एक गेली.

नानांनी छत्री भिंतीला टेकवली, कोट काढला, घडी केली आणि बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं. जेवले. नीट जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं, रागानं. शेवटचा भात मठ्ठ्यात कालवून संपवला, हात ताटावर धरला आणि म्हणाले, "मी जेवलो म्हणजे मी हो म्हटलं, असं कोणी समजू नये."

"नाना," कौमुदी म्हणाली, "तुमचा होकार कोणी मागितला? तुम्हाला जेवायला बोलावलं होतं."

ऋतानं माझं मनगट घट्ट धरलं. भीतीनं धरलं होतं हे मला माहीत आहे, तरी मी हात हलवला नाही.

नानांचा चेहरा लाल झाला. "उद्या नागपूरचे लोक येतील," शेवटी ते म्हणाले. आवाज उतरला होता आणि मराठी परत आली होती. "मी शब्द दिला आहे. त्यांना काय तोंड दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू. मी सांगते."

ती उठली. बाबारावांचा फोन कोपऱ्यात तिवईवर होता, वर विणलेला रुमाल. उजवा हात उष्टा, म्हणून तिनं डाव्या हातानं रुमाल काढला, रिसीव्हर उचलून मानेत धरला आणि बोट तबकडीवर ठेवलं. मग थांबली.

"नंबर?" ती म्हणाली.

नंबर एकाच माणसाला माहीत होता. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझी आई पाण्याच्या तांब्यात बघत होती, नीलेश जमिनीकडे.

नाना हात धुवायला उठले. मोरीकडे तोंड करून, पाण्याच्या धारेखाली हात चोळत, भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले, "शून्य सात एक दोन."

कौमुदीनं फिरवलं.

"पुढं?"

पुढचे आकडेही त्यांनी सांगितले. एक मध्येच चुकला, तो त्यांनी स्वतःच दुरुस्त केला.

तिकडं घंटी वाजत असावी. आमचे हात वाळून कडक झाले होते.

"नमस्कार. मी कौमुदी बोलते, रायपूरहून. उद्या तुम्ही येऊ नका... नाही, पत्रिकेत काही निघालं नाही... नानांची तब्येत चांगली आहे, आत्ताच जेवले... मला दुसरा मुलगा पसंत आहे, म्हणून." ती ऐकत राहिली. तिनं रिसीव्हर मानेत आणखी घट्ट धरला. "हो, वडील इथंच आहेत. पण लग्न माझं आहे ना, म्हणून मीच सांगून राहिले."